अल्गोरिदमविना नव्या गाण्याचा शोध : बुंदेलखंडातील जुन्या वाटा आजही उपयोगी

झाशी : मोबाइलवरील एक गाणे संपते आणि दुसरे आपोआप सुरू होते. ते श्रोत्याने मागितलेले नसते, कोणा मित्राने सुचवलेले नसते किंवा एखाद्या निवेदकानेही निवडलेले नसते. ते निवडते शिफारस करणारी संगणकीय प्रणाली, म्हणजेच अल्गोरिदम. गेल्या दोन-तीन वर्षांत या व्यवस्थेत आणखी एक गुंतागुंत निर्माण झाली आहे. आपोआप सुरू झालेले गाणे माणसाने रचले आणि गायले आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केले आहे, हे ओळखणे सामान्य श्रोत्याला कठीण झाले आहे. त्यामुळे माणसांनी निर्माण केलेले नवे संगीत स्वतः शोधावे कसे, हा प्रश्न जगभर विचारला जात आहे. झाशी आणि भोवतालच्या बुंदेलखंडात या प्रश्नाची काही उत्तरे पूर्वीपासून वापरात आहेत.

शिफारस कशी तयार होते?

गाण्यांची शिफारस करणारी प्रणाली प्रामुख्याने इतर श्रोत्यांच्या वर्तनावर चालते. एका गाण्याच्या श्रोत्यांपैकी अनेकांनी दुसरे एखादे गाणेही ऐकले असेल, तर ती दोन गाणी एकमेकांच्या जवळची मानली जातात. गाणे किती वेळ ऐकले, मध्येच सोडले का, पुन्हा लावले का, याच्या नोंदी होतात. गाण्याची लय, वाद्ये आणि भाषा यांचाही विचार केला जातो. या सर्वांवरून पुढचे गाणे ठरते.

या पद्धतीची एक मर्यादा तिच्या रचनेतच आहे. ज्या गाण्याला आधी श्रोते मिळालेले नाहीत, त्याच्याविषयी नोंदीच नसतात आणि नोंदी नसल्यामुळे ते नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही. लोकप्रिय गाणे मात्र अधिक लोकप्रिय होत जाते. शिवाय शिफारशीमागे व्यापारी हिशेबही असतो. ‘स्पॉटिफाय’च्या एका योजनेत कमी मानधन स्वीकारण्याची तयारी असलेल्या कलाकारांच्या गाण्यांना शिफारशीत अधिक वाव मिळतो. श्रोत्याला सुचवलेले गाणे केवळ त्याच्या आवडीमुळे समोर आले आहे, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

यंत्रनिर्मित गाण्यांची भर

फ्रान्समधील ‘डीझर’ या संगीतसेवेने जाहीर केलेली आकडेवारी या संदर्भात बोलकी आहे. जानेवारी २०२५ मध्ये या सेवेकडे दररोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी सुमारे १० टक्के गाणी पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली होती. नोव्हेंबर २०२५ पर्यंत हे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवर, म्हणजे दररोज सुमारे ५० हजार गाण्यांवर गेले. याच सेवेने ‘इप्सॉस’मार्फत आठ देशांतील ९ हजार व्यक्तींचे सर्वेक्षण केले, तेव्हा ९७ टक्के व्यक्तींना यंत्रनिर्मित आणि मानवनिर्मित गाण्यांतील फरक ओळखता आला नाही.

२०२५ च्या जून-जुलै महिन्यांत ‘द वेल्व्हेट सनडाऊन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या गाण्यांना ‘स्पॉटिफाय’वर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळाले. या नावामागे खरा वाद्यवृंद नसून कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर असल्याचे नंतर उघड झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘स्पॉटिफाय’ने मागील बारा महिन्यांत ७.५ कोटींहून अधिक बनावट अथवा निकृष्ट ध्वनिफिती हटवल्याचे सांगितले. आवाज ऐकून खात्री होत नसेल, तर गाण्यामागील माणसांची माहिती मिळवणे हाच विश्वासार्ह मार्ग उरतो.

बुंदेली गाण्यापुढील अडचण

२०११ च्या जनगणनेत सुमारे ५६ लाख लोकांनी आपली मातृभाषा बुंदेली असल्याचे सांगितले. जनगणनेत या भाषेची गणना हिंदीच्या अंतर्गत होते. जिथे भाषेची स्वतंत्र नोंद नसते, तिथे तिच्यातील गाणी वेगळी काढून ऐकणेही अवघड जाते. बुंदेली गाणी इंटरनेटवर मोठ्या संख्येने आहेत. मात्र अनेकदा गायकाऐवजी ध्वनिफीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीचे नाव ठळक असते. ढोलक, मृदंग, नगडिया वाजवणाऱ्यांची नावे बहुधा नसतातच.

मानधनाचे नियमही अशा गायकांना अनुकूल नाहीत. ‘स्पॉटिफाय’वर २०२४ पासून बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. गाणे ‘ऐकले’ अशी नोंद होण्यासाठी ते किमान ३० सेकंद वाजावे लागते. त्यामुळे पहिल्या काही क्षणांतच श्रोत्याला पकडण्याकडे रचनांचा कल वाढतो. याउलट आल्हा-ऊदल यांच्या ५२ लढायांचे वर्णन करणारा ‘आल्हा’ हा गायनप्रकार रात्र-रात्र चालतो. गायक प्रथम सुमिरन, म्हणजे देवदेवतांचे स्मरण करतो आणि मग सावकाश कथेत शिरतो. ३० सेकंदांच्या मापात हा प्रकार बसणे शक्य नाही.

ऋतूनुसार येणारे संगीत

बुंदेलखंडात कोणते गाणे कधी ऐकायचे, हे परंपरेने पंचांग आणि घरातील प्रसंग ठरवत आले आहेत. पावसाळ्यात आल्हा, फाल्गुनात फाग, दिवाळीत लाठ्यांच्या नृत्यासह दिवारी, नवरात्रात देवीची अचरी, नर्मदास्नानाला निघालेल्या यात्रेकरूंची लमटेरा, बाळाच्या जन्मानंतर सोहर आणि लग्नात व्याह्यांची थट्टा करणारी गारी, असा हा क्रम आहे. वर्षभरात प्रत्येक प्रकार आपल्या वेळी कानावर पडतो. एकच प्रकार आवडतो म्हणून तोच सतत ऐकवला जात नाही. आवडीच्या बाहेरचे संगीतही श्रोत्यापर्यंत पोहोचवणारी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लोककवी ईसुरी. झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूरजवळच्या मेंढकी गावी एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या ईसुरींनी ‘चौकडिया’ फाग लोकप्रिय केली. १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या रचना ध्वनिमुद्रिकेवाचून आणि आरंभी छापील पुस्तकावाचूनही गावोगावच्या फडांतून पसरल्या. आल्हाची गाथाही दीर्घकाळ तोंडीच टिकली. १८६० च्या दशकात फर्रुखाबादचे इंग्रज अधिकारी चार्ल्स इलियट यांनी ती गायकांकडून उतरवून घेतली.

झाशीच्या मराठी इतिहासातही याला जोड देणारा एक प्रसंग आहे. नाट्यकलेची आवड असलेले गंगाधरराव नेवाळकर यांच्या काळात झाशीत नाटकशाळा होती आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रह प्रसिद्ध होता. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात १८५८ च्या लुटीत या संग्रहाची झालेली वाताहत वर्णिलेली आहे. एका ठिकाणी साठवलेला ठेवा नष्ट झाला. अनेकांच्या कंठात असलेली गाणी मात्र टिकली.

तथापि कंठपरंपरेलाही मर्यादा आहेत. गाणारी पिढी निघून गेली आणि शिकणारी पिढी शहरांत स्थलांतरित झाली, तर गाणे संपते. बुंदेलखंडातून मजुरीसाठी होणारे स्थलांतर मोठे असल्याने हा धोका प्रत्यक्ष आहे. राई नृत्यासाठी २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले सागरचे रामसहाय पांडे यांचे एप्रिल २०२५ मध्ये निधन झाले. आकाशवाणी छतरपूर आणि कॅसेटच्या माध्यमातून घराघरांत पोहोचलेले गायक देशराज पटेरिया २०२० मध्ये गेले. अशा कलाकारांनंतर त्यांच्या मार्गाने जाणाऱ्या तरुण गायकांना श्रोते मिळणे आवश्यक आहे.

नभोवाणी आणि निवड करणारा माणूस

झाशीपासून सुमारे १५ किलोमीटरवरील ओरछा येथे ऑक्टोबर २००८ मध्ये ‘रेडिओ बुंदेलखंड’ हे ९०.४ एफएमवरील सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले. ‘डेव्हलपमेंट ऑल्टरनेटिव्ह्ज’ या संस्थेने त्यासाठी पुढाकार घेतला. या केंद्राने गावांतील हौशी गायकांसाठी ‘बुंदेली आयडॉल’ ही गायनस्पर्धा घेतली. ज्यांचा आवाज आपल्या गावाबाहेर कधी गेला नव्हता, असे गायक त्यामुळे शेजारच्या गावांनी ऐकले. २०१० मध्ये शेजारच्या ललितपूर जिल्ह्यात ‘ललित लोकवाणी’ हे केंद्रही सुरू झाले.

केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालवण्याची मुभा दिली. प्रक्षेपणाची शक्ती १०० वॅटपर्यंत मर्यादित असल्याने केंद्राचा आवाज साधारण १० ते १५ किलोमीटरच्या परिसरात पोहोचतो. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागातून तयार करण्याची अटही आहे. निवेदक आणि गायक एकाच परिसरातील असल्याने गाणे कोणाचे, कोठले आणि कोणत्या प्रसंगाचे, ही माहिती गाण्यासोबतच मिळते.

माणसाने केलेली निवड नेहमीच योग्य असते, असे मात्र नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे घेतलेले बा. वि. केसकर यांच्या कार्यकाळात आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर कठोर निर्बंध आले. शास्त्रीय संगीताला त्यामुळे मोठा वाव मिळाला. पण सामान्य श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झालेली अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ अफाट लोकप्रिय झाली. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. निवड करणारा माणूस चुकला, तर त्याला नाव घेऊन प्रश्न विचारता येतो आणि त्याला आपला निर्णय बदलावाही लागतो. अल्गोरिदमच्या बाबतीत ही सोय नाही.

मराठी संगीतपरंपरेतील दाखले

नवे संगीत शोधण्यासाठी स्वतः पायपीट करण्याची परंपरा मराठी माणसांना परिचित आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेर गायकी परिश्रमाने आत्मसात केली आणि ती महाराष्ट्रात रुजवली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९०४ मध्ये दक्षिण भारताचा आणि पुढील वर्षांत पूर्व व उत्तर भारताचा प्रवास केला. उस्ताद, पंडित आणि संस्थानिकांना भेटून त्यांनी जमवलेल्या हजाराहून अधिक बंदिशी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून सर्वांसाठी खुल्या झाल्या.

कुमार गंधर्व क्षयरोगावरील उपचारांसाठी १९४८ मध्ये देवासला राहायला गेले. काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. त्या काळात माळव्यातील लोकगीते त्यांनी बारकाईने ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग सिद्ध केले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांची नोंद आहे. नवे संगीत दूरच असते असे नाही. लक्ष देऊन ऐकल्यास ते शेजारीही सापडते, हे या उदाहरणातून दिसते.

श्रोत्याला काय करता येईल?

पहिला मार्ग श्रेयनामावली वाचण्याचा आहे. आवडलेल्या गाण्याचा गीतकार, संगीतकार, तबलावादक किंवा सारंगीवादक कोण, हे पाहून त्याच कलाकाराचे अन्य काम ऐकल्यास एका गाण्यातून अनेक वाटा फुटतात. नावे आणि गावे मिळत नसतील, प्रत्यक्ष कार्यक्रमाचा कोठेही उल्लेख नसेल आणि एकाच नावाने अल्पकाळात शेकडो गाणी आलेली असतील, तर सावध राहणे योग्य.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष श्रवणाचा. मऊरानीपूरचा जलविहार मेळा, झाशीपासून सुमारे १०० किलोमीटरवरील ग्वाल्हेरचा तानसेन समारोह, गणेशोत्सवातील कार्यक्रम किंवा गावातील भजनी मंडळ, यांपैकी प्रत्येक ठिकाणी श्रोत्याने न निवडलेले पण माणसाने समोर बसून सादर केलेले संगीत ऐकायला मिळते. तानसेन समारोहात ख्यातनाम गायकांबरोबर नवोदितांनाही संधी मिळते आणि प्रवेश विनामूल्य असतो.

तिसरा मार्ग जाणकारांना विचारण्याचा. संगीतशिक्षक, आकाशवाणीचे निवेदक, ग्रंथपाल, जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक आणि घरातील आजी-आजोबा यांच्याकडे स्वतःची निवड असते आणि तिचे कारणही त्यांना सांगता येते. अभ्यासूंसाठी गुरुग्राम येथील ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ या १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयात देशभरातील क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे जतन केलेली आहेत.

अल्गोरिदमचा वापर पूर्णपणे सोडण्याची गरज नाही. नाव माहीत असलेला कलाकार शोधण्यासाठी तेच अॅप उपयोगी पडते. आपोआप पुढचे गाणे लावण्याची सोय बंद करणे, कलाकाराचे नाव स्वतः टाइप करणे आणि पूर्ण गीतसंग्रह क्रमाने ऐकणे, एवढ्यानेही निवडीचा अधिकार बराचसा श्रोत्याकडे परत येतो. आवडलेले गाणे दुसऱ्याला पाठवताना गायकाचे आणि गावाचे नाव लिहिल्यास त्या गायकाला पुढचा श्रोता मिळतो. मेळ्यात किंवा लग्नात गाणाऱ्या कलाकाराला दिलेली बिदागी थेट त्याच्या हाती पडते. हजार वेळा ऐकले जाण्याची अट तिला नसते.