दादरचा बाक

मुंबईला निघालो असे म्हटले की खानदेशात पहिला प्रश्न येतो, "उतरणार कोणाकडे?" आणि पाठोपाठ दुसरा, "हिंडवणार कोण?"

आम्ही जळगावचे. मुंबई आम्ही चारपाचदा पाहिली होती, पण भाच्याच्या मागून चालत. खरे सांगायचे तर पाहिली ती भाच्याची पाठच! या खेपेस त्याला रजा मिळेना. दोन दिवस खोलीतल्या भिंती पाहून झाल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "चला, आपण दोघेच जाऊ."

मला घाम फुटला. ही मात्र माहेरची धुळ्याची. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला, तेव्हापासून धुळेकरांच्या कित्येक पिढ्या चाळीसगावला गाडी बदलत आल्या. सामान मोजायचे, विचारायचे आणि चुकामूक झाली तर जागा सोडायची नाही, हे बाळकडू त्यांना फलाटावरच मिळते. "चुकलो, तर दादरला उतरायचे आणि पहिल्या बाकावर बसायचे," तिने बजावले.

बोरीबंदरचे ते भव्य स्थानक! १८८७ साली त्याला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले, १९९६ साली छत्रपती शिवाजी महाराजांचे. इथूनच ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरची पहिली गाडी कुर्ल्याला सुटली. हा इतिहास मी हिला ऐटीत सांगितला. मग ती बायकांच्या डब्यात चढली, मी पुरुषांच्या. दोघांत मिळून मोबाइल एकच, आणि तो तिच्या पिशवीत!

गाडी जलद होती. जलद गाडी भायखळ्यानंतर थेट दादरलाच थांबते, हे मी पाठ केले होते. फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती: दादरला उतरायचे तर भायखळ्यापासूनच दाराकडे सरकावे लागते. मी आपला खिडकीच्या आशेने आत आत शिरलो. दादर आले, "उतरू द्या हो!" म्हणेपर्यंत निम्मी मुंबई आत चढली आणि दादर गेले. पुढचा थांबा कुर्ला! विजेवरच्या पहिल्या गाडीचा प्रवास मीही पुरा केला म्हणायचा.

कुर्ल्याच्या फलाटावर उभा असताना पाय खरोखर लटपटले. ही एकटी, परक्या शहरात. गर्दीत कुठे शोधायची? मग एका हमालाला विचारले. तो म्हणाला, "समोरचा पूल चढा, बाबा. दादरची गाडी पलीकडे." इतके सोपे उत्तर होते. आयुष्यात मुंबईला मी पहिल्यांदाच काही विचारले होते.

दादरला पहिल्या बाकावर ही निवांत बसलेली. शेजारी दोन बाया, आणि आमची केळ्याच्या वेफरांची पुडी त्यांच्यात फिरत असलेली! मला पाहताच ती अहिराणीत म्हणाली, "कथा चालनात?" माझ्या डोळ्यांत पाणी आलेले तिने पाहिले, पण त्याविषयी ती काही बोलली नाही. एवढ्या वेळात तिने बसची सगळी माहिती काढली होती.

दादर टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मला तिथे कळले. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली, नाव मात्र मागे राहिले. शहरात बस आली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. आम्हीही क्रॉफर्ड मार्केटकडची बस धरली. परळ, लालबाग, भायखळा... लोकलमधून जी मुंबई नुसती धडधडत मागे पळते, ती बसमधून दुकानांच्या पाट्यांसकट सावकाश समोर येते. चाळींच्या गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे, गिरण्यांच्या जागी उठलेले उंच मनोरे, सारे दिसले. भाच्याच्या पाठीआड हे कधी दिसले नव्हते.

तेव्हा मंडळी, मुंबईला जाल तेव्हा एक दिवस कोणाच्या मागे लागू नका. गाडी जलद की धिमी ते पाहा, दोन स्थानके आधी दाराशी या, चुकलात तर कुठे भेटायचे ते आधी ठरवा. आणि विचारायला लाजू नका. मुंबईकर घाईत असतो, पण वाट सांगितल्यावाचून पुढे जात नाही.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलेच, "हिंडवले कोणी?"

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवले.