जुने स्नॅपशॉट काढण्यापूर्वी

विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरच्या शासकीय प्राच्य ग्रंथालयात ग्रंथ लिपीतील ताडपत्रांची एक पोथी आली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती ओळखली आणि 1909 मध्ये छापून प्रसिद्ध केली. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ अशा रीतीने जगापुढे आले. पुढे इतरत्रही हस्तलिखिते सापडली. मुंबई विद्यापीठाने 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या र. पं. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेदांची नोंद तळटीपांमध्ये आहे. अशी तळटीप ही ग्रंथाची प्रत नव्हे. अमुक शब्दाऐवजी तमुक, एवढेच ती सांगते. मूळ संहिता समोर नसेल तर तिचा काहीच अर्थ लागत नाही.

आभासी यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ समजण्यास हा दाखला उपयोगी पडतो. एकाच मोठ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने 1972 मध्येच तशी प्रणाली विक्रीस आणली होती. आज ग्रंथालयाची सूची असो वा रुग्णालयाची नोंदवही, ती बहुधा अशाच यंत्रात असते.

व्हीएमवेअरसारख्या प्रणालीत स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल तेथेच गोठते. त्यानंतरचा प्रत्येक बदल एका वेगळ्या फाइलीत लिहिला जातो. दुसरा स्नॅपशॉट घेतल्यास आणखी एक फाइल, आणि ती पहिलीवर विसंबलेली. म्हणजे ही साखळी तळटीपांची आहे, प्रतींची नव्हे. म्हणूनच स्नॅपशॉटला सुरक्षित प्रत मानणे ही मोठी चूक होय. मूळ डिस्क बिघडली की सारेच जाते.

या फाइली वाढत राहतात. एकेक फाइल मूळ डिस्कएवढी होऊ शकते, आणि साठवणीची जागा संपली की यंत्र थांबते. अशा वेळी घाबरलेला व्यवस्थापक जुन्या तारखेची फाइल हाताने पुसतो. तेथेच घात होतो, कारण त्या फाइलीतील आणि तिच्यावर विसंबलेल्या पुढच्या सर्व फाइलींतील काम निरुपयोगी ठरते.

योग्य मार्ग प्रणालीच्या स्नॅपशॉट-व्यवस्थापकातून जातो. तेथील ‘काढणे’ या आज्ञेविषयी नवख्यांना उगाच धास्ती वाटते. प्रत्यक्षात तिने आजचे काम नष्ट होत नाही; वेगळे ठेवलेले बदल मूळ डिस्कमध्ये विलीन होतात, जणू तळटिपा संहितेत उतरवल्या जातात. जाते ती फक्त मागे फिरण्याची सोय. भीती बाळगावी ती ‘पूर्वस्थितीस परत’ या आज्ञेची, कारण नंतरचे काम तीच टाकून देते.

विलीनीकरणापूर्वी स्वतंत्र प्रत अन्यत्र घेतलेली असावी, मोकळी जागा तपासावी आणि वर्दळ कमी असलेली वेळ निवडावी. मोठ्या साखळीस कित्येक तास लागतात. प्रगतीचा आकडा 99 टक्क्यांवर दीर्घकाळ थांबला तरी यंत्र बंद करू नये. उरलेले लेखन बहुधा त्याच वेळी चालू असते. उत्पादकाचा सल्ला असा की एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि साखळी दोन-तीनांपुढे जाऊ देऊ नये. तांत्रिक मर्यादा मात्र 32 ची आहे.

काम संपल्यावर यादी रिकामी दिसली तरी डिस्कच्या जागेत भेदाच्या फाइली उरलेल्या असू शकतात. तेव्हाही त्या पुसू नयेत. ‘एकत्रीकरण’ ही स्वतंत्र आज्ञा त्यासाठीच आहे.