गोधडी शिकताय? हात सांभाळा!

मागच्या महिन्यात एक बाई दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. टेबलावर त्यांनी कापडी पिशवीतून काढून ठेवली ती अर्धवट शिवलेली गोधडी. "डॉक्टरबाई, आईची लुगडी आहेत ही. नातवासाठी शिवायला घेतली होती. पण माझे हातच गेले. रात्री मुंग्या येऊन जाग येते, सकाळी कप धरवत नाही. या वयात नवीन काही शिकायला जाऊ नये, हेच खरं."

गोधडी उचलून पाहिली. चांगले सहा पदर! जन्मातली पहिली गोधडी, तीही सहा पदरी, आणि बाई रोज दुपारी तीन-तीन तास मान खाली घालून ती शिवत होत्या. मी विचारले, "मुंग्या करंगळीतही येतात का?" त्यांनी आठवून सांगितले, "नाही, अंगठा आणि पुढची दोन बोटं."

हे उत्तर महत्त्वाचे. आपल्या मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडे, वर एक चिवट पट्टा. त्यातून बोटे वाकवणारे नऊ दोर आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. मनगट बराच वेळ वाकवून काम केले किंवा आत सूज आली, की त्या मज्जातंतूवर दाब पडतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळीचा तंतू वेगळ्या वाटेने जातो, म्हणून ती बहुधा सुटते. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्यावर तो विशेष दिसतो. या बाईंचे रक्त तपासले, तर थायरॉइड कमी निघाले. म्हणजे मूळ दुखणे आधीपासूनच होते, गोधडीमुळे ते लवकर ध्यानात आले. गोळ्या सुरू केल्या, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. शिवण मात्र बंद करू नका म्हणून सांगितले. फक्त पद्धत बदलायला लावली. ती पद्धत नव्याने शिकणाऱ्या सर्वच भगिनींच्या (आणि हौशी बंधूंच्याही!) उपयोगाची आहे.

पहिले काम दुपट्याचे घ्यावे. हातभर लांब, हातभर रुंद. जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती जुनेर आणि पदर तीनच. नायलॉन किंवा टेरिकॉटच्या साड्या सुरुवातीला नकोत, कापड निसटते आणि सुई अडते. जाड थरातून सुई रेटण्याचे काम अंगठा करतो, आणि नवशिक्याचा अंगठा दुखतो तो इथेच. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे हलकेच वाकवून पाहा. कळ आली तर तिथल्या दोरांच्या आवरणाला सूज आहे असे समजावे. स्विस शल्यविशारद डी क्वेरवेन यांनी 1895 साली याचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव या दुखण्याला आहे. अशा वेळी दोन-तीन आठवडे सुईला सुट्टी द्यावी. तेवढ्याने थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. अंगठा चोळून घेऊ नये, त्याने सूज वाढते.

तिन्ही पदर जमिनीवर पसरून सुरकुत्या काढाव्यात आणि मोठमोठे कच्चे टाके घालून घ्यावेत. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि दर टाक्याला खांदा उगीच ताणला जातो. मग कडेने धावदोरा. तीन-चार टाके सुईवर घेऊन सुई एकदम ओढायची. मधल्या बोटात अंगुस्तान हवेच. पहिल्या दिवशी ते लोढणे वाटते, आठवड्याने त्याशिवाय चालत नाही. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवावे. टाके वाकडे येतील, मागच्या बाजूने तर फारच. उसवत बसू नका. मी स्वतः पन्नाशीनंतर शिकले. माझ्या पहिल्या दुपट्याची मागची बाजू अजून कुणाला दाखवलेली नाही. पण हात बसतो तो रोजच्या थोड्या सरावाने, एका दिवसाच्या चार तासांनी नव्हे. वीस मिनिटे शिवावे, मग उठून पाणी प्यावे, मान आणि खांदे फिरवावेत, खिडकीबाहेर लांबचे झाड पाहावे. बारीक काम करताना आपण पापण्या कमी मिटतो. डोळे चुरचुरतात ते त्यामुळेही.

चाळिशी लागलेल्यांनी चष्म्याची लाज धरू नये. सुई ओवताना हात लांब न्यावा लागत असेल तर चष्मा लागलाच समजा. डोळे तपासताना आपण शिवण किती अंतरावर धरतो हे सांगावे. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. पाठ भिंतीला टेकवून बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्ची आणि टेबल वापरावे, आणि गोधडीचे ओझे टेबलावर ठेवावे.

पेटीतले जुनेर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवूनच शिवायला घ्यावे. दमेकऱ्याला त्या धुळीने धाप लागू शकते. दुपटे तान्ह्यासाठी असेल तर ते बाळाच्या अंगाखाली घालावे. झोपलेल्या बाळावर जाड गोधडी घालू नये, तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो.

आता सुईविषयी. सुई तोंडात धरू नका. टोचली तर साबण-पाण्याने धुवा, आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे होऊन गेली असतील तर ते घ्या. (हल्ली त्यातच घटसर्पाचीही लस असते.) सुई गंजकी किंवा मातीत पडलेली असेल तर पाच वर्षांनंतरही विचारून घ्यावे. बसताना सुया मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात. एक कमी भरली तर सापडेपर्यंत गोधडी घडी करू नये, कुणाला त्यावर बसूही देऊ नये. घरात मधुमेही माणूस असेल तर हे अधिकच पाळावे. पावलांची संवेदना गेलेली असेल तर पायात सुई मोडली तरी त्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा पाय सुजून लाल झालेला असतो.

बाई परवा पुन्हा आल्या होत्या. सहा पदरी गोधडी त्यांनी पेटीत ठेवली आहे. तीन पदरांचे दुपटे निम्मे झाले आहे, आणि मुंग्या आठवड्यातून एखाद्या रात्रीच येतात.