वेल्डिंगच्या सांध्यातील अवशिष्ट प्रतिबल : सातारा व सांगली जिल्ह्यांतील पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीचे पठार आणि सांगली जिल्ह्यातील ढालगावचा परिसर हे महाराष्ट्रातील पवनऊर्जेचे महत्त्वाचे पट्टे होत. संकल्पनात पवनचक्कीचे आयुष्य सर्वसाधारणपणे २० वर्षे धरले जाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभारलेल्या यंत्रांची ही मुदत संपून गेली आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्यांचे नूतनीकरण व आयुर्वृद्धी यांसंबंधीचे धोरण जाहीर केले. जुना मनोरा पुढे वापरावा की उतरवावा, हे ठरविताना त्याच्या वेल्डिंगच्या सांध्यांचा विचार अपरिहार्य ठरतो.

अवशिष्ट प्रतिबलाची निर्मिती :
बाह्य भार नसतानाही पदार्थात शिल्लक राहणाऱ्या प्रतिबलास अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. वेल्डिंग करताना सांध्यातील धातू सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळतो, तर लगतचा पत्रा तुलनेने थंड असतो. तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो. थंड भाग त्यास अडवितो. साध्या बांधकामी पोलादाचे पराभव प्रतिबल, म्हणजे ज्या प्रतिबलाला ते कायमचे विरूप होऊ लागते ते, २५० मेगापास्कल धरले, तर प्रसरण पूर्णपणे अडविलेल्या पोलादात केवळ १०४ अंशांच्या तापमानवाढीनेच ही मर्यादा गाठली जाते. त्यापुढे तापलेला भाग कायमचा दबतो. थंड होताना तो मूळ लांबीपेक्षा आखूड होऊ पाहतो, पण लगतचा पत्रा त्यास आखडू देत नाही. परिणामी सांध्यात ताण व सभोवती दाब शिल्लक राहतो. सांध्यातील हा ताण पराभव प्रतिबलाइतका असू शकतो.

मनोऱ्यातील स्थिती :
नळीच्या आकाराचा मनोरा तयार करताना जाड पत्रे वाकवून कडी करतात. प्रत्येक कड्याचा उभा सांधा आणि दोन कड्यांमधील आडवा सांधा वेल्डिंगने जोडतात. पायथ्याच्या दाराची चौकटही वेल्डिंगनेच बसविली जाते. तीन पाती व मिनिटाला २० फेरे गृहीत धरल्यास मनोऱ्यासमोरून तासाला ३६०० वेळा पाते जाते. वर्षाला ५००० तास यंत्र चालले, तर २० वर्षांत ही संख्या ३६ कोटी होते. यातील बहुतेक हेलकावे लहान असले, तरी वाऱ्याच्या झोतांमुळे होणाऱ्या मोठ्या हेलकाव्यांची भर पडून धातूस शिणवटा येतो.

वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूस भारामुळे दाब येतो, म्हणून तेथे तडा जाणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सांध्यात २५० मेगापास्कल ताण आधीच असेल आणि भाराने ६० मेगापास्कल दाब आला, तर तेथील प्रतिबल २५० व १९० यांदरम्यान फिरते. ते ताणाचेच राहते. म्हणूनच वेल्डिंगच्या सांध्यांचा शिणवटा मोजताना भाराच्या सरासरीपेक्षा चढउताराचा पल्ला महत्त्वाचा मानतात.

उपाययोजना :
सुमारे ६०० अंशांना तापवून सावकाश थंड केल्यास अवशिष्ट प्रतिबल बरेच कमी होते. मात्र संपूर्ण मनोरा भट्टीत घालणे व्यवहार्य नसते. म्हणून निर्मितीवेळी पूर्वतापन करणे, समतोल क्रमाने वेल्डिंग करणे आणि सांध्याची कड घासून किंवा ठोकून घेणे हे उपाय योजले जातात. ठोकण्याने पृष्ठभागावर दाबाचे प्रतिबल निर्माण होते व तडा सुरू होण्यास विलंब लागतो.

जुन्या मनोऱ्याच्या तपासणीत एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. श्राव्यातीत ध्वनी किंवा चुंबकीय कणांच्या नेहमीच्या चाचणीत तडा दिसतो, अवशिष्ट प्रतिबल दिसत नाही. ते मोजण्यासाठी क्ष-किरण विवर्तन किंवा लहान छिद्र पाडून विकृतीमापकाने नोंद घेण्याची पद्धत वापरावी लागते.

निष्कर्ष :
अवशिष्ट प्रतिबल हे कारागिराच्या चुकीचे लक्षण नसून वेल्डिंगच्या प्रक्रियेचाच भाग आहे. ते पूर्णतः टाळता येत नाही, पण त्याचा हिशेब ठेवता येतो. पठारावरील जुन्या मनोऱ्यांच्या आयुर्वृद्धीचा निर्णय रंग व गंज पाहून न घेता पायथ्याचे दार, आडवे सांधे आणि वाऱ्याच्या नोंदी यांच्या एकत्रित अभ्यासावर आधारावा. मनोऱ्यांखालच्या शेतांत व वाटांवर वावरणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे.