जुनी पिकअप आणि साठ हजारांचं बजेट: पैसे आधी कुठे टाकायचे?



मागच्या व्हिडिओखाली जुन्नर तालुक्यातल्या एका मुलानं विचारलं होतं, "सर, बारा वर्षं जुनी डिझेल पिकअप बघून ठेवलीय. गाडीचे पैसे देऊन हातात साठ हजार उरतात. तेवढ्यात गाडी धंद्याला लागेल का?" दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. माझी पहिली गाडी अशीच जुनी होती. घेतल्याघेतल्या मी काय केलं? रंग दिला. हौद्यात नवा पत्रा मारला, समोर आईचं नाव लिहून घेतलं, मागे रेडियम लावलं. बावीस हजार गेले. रेडिएटरचा होज पाईप फुगलाय, हे मिस्त्रीनं बोट ठेवून दाखवलं होतं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून साताऱ्याकडे एका केटरिंगवाल्याचं सामान घेऊन निघालो आणि खंबाटकी चढताना तो पाईप फाटला. काटा लाल झाला होता, तरी मी "वर पोचू, मग थांबू" म्हणत गाडी रेटली. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. संध्याकाळचं लग्न होतं. सामान दुसऱ्या गाडीत भरून दिलं, भाडं मीच भरलं. काही शे रुपयांचा पाईप होता. त्या केटरिंगवाल्यानं परत कधी फोन केला नाही, आणि ते नुकसान मला इंजिनाच्या बिलापेक्षा जड गेलं.

घेण्याआधी: इंजिन थंड असताना जा

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर समजा, काहीतरी झाकायचं आहे.

हे का? डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी गरम होते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रिंगा आणि बोअर झिजले की दाब कमी होतो, आणि थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतं. गरम इंजिन हीच गोष्ट लपवतं. हीटर प्लग किंवा बॅटरी खराब असली तरी सकाळी त्रास होतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते. पण फकफक करत धूर बाहेर येत असेल तर कंप्रेशन खाली उतरतंय. झाकणाच्या आतल्या बाजूला ताकासारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. मग मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका.

धुराचा रंगही बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, आणि तो कधीकधी नुसत्या एअर फिल्टरवर सुटतो. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ येतो, पण गरम झाल्यावरही येतच राहिला तर इंजेक्टर, कंप्रेशन नाहीतर हेड गॅस्केट.

मग खाली वाका. चॅसीला कुठे वेल्डिंग आहे का, पाट्यांच्या हँगरजवळ तडे आहेत का, ते बघा. गाडी मासळी किंवा मीठ वाहत असेल तर गंज आतून खातो. पाट्यात एखादा जादा पाटा घातलेला दिसला तर ओळखा, गाडीनं क्षमतेपेक्षा जास्त माल ओढलाय. पाटा वाढवला म्हणून ब्रेक आणि चॅसीची ताकद वाढत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कंप्रेशन गेलेलं असेल तर साठ हजारांच्या बजेटमध्ये ती गाडी घेऊ नका, मालकानं कितीही किंमत उतरवली तरी. इंजिन खोलल्यावर आत काय निघेल ते खोलल्याशिवाय कळत नाही, आणि तुमच्या खिशात "निघेल ते बघू" म्हणण्याइतके पैसे नाहीत.

साठ हजार कसे वाटायचे

पहिले पंधरा हजार बाजूला काढा आणि विसरून जा. ते पहिल्या तीन महिन्यांत रस्त्यावर निघणाऱ्या कामासाठी. म्हणजे हातात पंचेचाळीस.

त्यातून आधी ब्रेक आणि स्टिअरिंग. मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर, लायनर, होज, सगळं तपासून घ्या. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. घाट उतरताना ब्रेक तापले की तो ओलावा उकळतो, वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हलवून बघा, खेळ असेल तर लगेच बदला. टायरना पैसे कमी पडत असतील तर चांगली जोडी पुढे लावा. रिमोल्ड टायर पुढे नकोच.

दुसरं काम कूलिंगचं. सगळे होज नवे, रेडिएटर साफ, बेल्ट नवा, आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट. आणि एक गोष्ट सांगतो, जी गॅरेजमध्ये सर्रास उलटी होते. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यानं काटा खाली येतो आणि मालक खूश होतो. पण इंजिन मग बराच वेळ थंडच चालतं, डिझेल जास्त खातं आणि जास्त झिजतं. थर्मोस्टॅट नवा बसवा, महाग नसतो.

तिसरं, ऑइल आणि तिन्ही फिल्टर. डिझेल फिल्टरखाली साचलेलं पाणी काढायची सवय लावून घ्या. पंप आणि इंजेक्टरला पाण्याइतका शत्रू दुसरा नाही. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्याआधीच्या अनेक पिकअपमध्ये साधा यांत्रिक पंप आहे, आणि तो खेड्यातला मिस्त्रीही हाताळतो. कॉमन रेल इंजिन असेल तर मात्र गाडी चालू असताना पाईप ढिला करून "एअर काढणे" हा प्रकार करू देऊ नका. त्या लाइनमध्ये हजार बारहून जास्त दाब असतो, धार कातडीतून आत जाते.

मग क्लच, मग वायरिंग, दिवे, वायपर, हॉर्न. बॅटरीचं अर्थ केबल साफ करायला पैसे लागत नाहीत, आणि सकाळची निम्मी रड तिथेच असते. रंग? पहिली कमाई आल्यावर. फक्त गंजलेल्या जागी घासून प्रायमर मारून ठेवा.

जुने पार्ट कुठले चालतात

दरवाजा, काच, दिवे, सीट, फाळका, आरसे हे जुने घेतले तरी बिघडत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्यात एक चक्कर मारली तर बरेच पैसे वाचतात, पण काढलेला पार्ट सोबत न्या, नुसता फोटो पुरत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग, रबर आणि टायमिंग बेल्ट हे जुने घ्यायचे नाहीत, फुकट मिळाले तरी.

मिस्त्रीशी बोलताना मजुरी आणि पार्ट वेगवेगळे ठरवा. काम सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून घ्या आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा. चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही. आणि त्याच्या मजुरीत फार घासाघीस करू नका. रात्री दहाला तुमचा फोन उचलणारा तोच आहे.

कागदपत्रं म्हणजेही दुरुस्तीच

वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. कर्जाचा बोजा, विमा, पासिंगची मुदत, तुंबलेली चलनं, सगळं बघा. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिकडची एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशोब करा.

आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, आणि महाराष्ट्रात अशा गाडीवर पर्यावरण करही आहे. हे दोन्ही बजेटमध्ये धरा. दिलासा म्हणाल तर दोन आहेत. गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट, ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. आणि साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. विमा मात्र व्यावसायिक वापराचाच हवा.

आता त्या जुन्नरच्या मुलासाठी. भाऊ, पंचेचाळीस हजारांत रंगाशिवाय, पण ब्रेक, कूलिंग, फिल्टर आणि वायरिंग झालेली गाडी उभी राहू शकते, इंजिन आतून धडधाकट असेल तरच. क्लचही निघाला तर पैसे काठावर येतील, म्हणून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून बघ. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय, तेवढी रक्कम किमतीतून कमी करून माग. सकाळी थंड गाडी चालू करतानाचा व्हिडिओ काढ, ऑइलचं झाकण उघडून पण दाखव, आणि टोकन द्यायच्या आधी मला पाठव.