डिझेल गाडीचे इंजिन बदलताय? आधी चावीचा विचार करा

गाडी जुनी झाली, पण बॉडी ठणठणीत आहे. पावसाळ्यात इंजिनात पाणी शिरले किंवा टायमिंग चेन तुटली आणि मेकॅनिकने सांगून टाकले, "इंजिन गेले, दुसरे बसवावे लागेल." तुम्ही हिशेब करता. नव्या गाडीचे हप्ते परवडणारे नाहीत, म्हणून सेकंड हँड इंजिन बसवायचे ठरते. काम पूर्ण होते, चावी फिरवता, स्टार्टर जोरात फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. मीटरवर चावीचे चिन्ह असलेला छोटा दिवा मात्र लुकलुकत राहतो.

इंजिन खराब निघाले असे समजून मालक आणि गॅरेजवाला यांच्यात इथेच वादाला तोंड फुटते. खरे तर इंजिनात दोष नसतोही. गाडीने त्या इंजिनाला सुरू व्हायची परवानगीच दिलेली नसते.

हा पहारेकरी काम कसा करतो?

या पहारेकऱ्याचे नाव इमोबिलायझर. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीकशी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही, त्यामुळे रिमोटचा सेल संपला तरी चावीने गाडी सुरू होते. इग्निशनभोवती तारेचे वेटोळे असते, ते या चिपचा कोड वाचते. तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला ओळखीचा वाटला तरच पुढचे काम सुरू होते.

पेट्रोल गाडीत ठिणगी बंद केली तरी इंजिन थांबते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, म्हणून इथे इंधन अडवावे लागते. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत पंपावरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद राहतो. आताच्या कॉमन रेल गाड्यांत ईसीयू इंजेक्टरला उघडण्याचा इशाराच देत नाही.

जुने काय ठेवायचे?

नियम सोपा आहे. चावी, इमोबिलायझर आणि ईसीयू हे एकाच घरातले तिघे आहेत, त्यांची ताटातूट करू नका. फक्त इंजिन बदलत असाल तर तुमच्या गाडीचा मूळ ईसीयू आणि मूळ चावी तशीच राहू द्या. दुसऱ्या गाडीचा ईसीयू आणून जोडला, तर तो तुमची चावी ओळखणार नाही.

जुन्या पंपाच्या काही गाड्यांत इमोबिलायझरचा एक भाग पंपावरच पत्र्याच्या जाड कवचाखाली बसवलेला असतो. अशा वेळी तुमचा जुना पंप चांगला असेल तर तोच नव्या इंजिनावर चढवणे सोयीचे ठरते.

पुरात ईसीयूही गेला असेल तर दोन मार्ग उरतात. एकाच गाडीतला ईसीयू, इमोबिलायझर आणि चावीची चिप असा पूर्ण संच घ्यायचा किंवा आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नवे कोडिंग करून घ्यायचे. जाताना घरातल्या दोन्ही चाव्या सोबत न्या.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच कॉमन रेल इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. इंजेक्टर बदलले तर हा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरावा लागतो. नाहीतर गाडी सुरू होऊनही धूर, खडखड आणि कमी ॲव्हरेज पाठ सोडत नाही.

सारखे दिसते, सारखे नसते

फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन आपल्याकडे मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत आले. म्हणून कुठलेही कुठेही बसेल असे नाही. टर्बो, सेन्सर आणि वायरिंग यांत फरक असतो. इंजिन घेताना मॉडेल, वर्ष आणि बीएस मानक जुळते ना, हे पाहा. कॉम्प्रेशन तपासून घ्या.

"बायपास करून देतो"

हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. इमोबिलायझर कायमचा बंद केला की काम झटपट होते, हे खरे. पण मग साधी, चिप नसलेली चावीही गाडी पळवायला पुरते. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीच्या प्रश्नांना उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. कोडिंगचा खर्च वाचवण्यासाठी गाडीचे कुलूप काढून टाकू नका.

कागदपत्रे विसरू नका

आरसीवर चेसिस नंबरासोबत इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. काम सुरू करण्याआधीच आरटीओत चौकशी करा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्या. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा.

इंजिन विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल आणि ते ज्या गाडीतून काढले तिच्या कागदांची प्रत मागा. चोरीच्या गाड्यांच्या भागांसाठी बदनाम झालेला मेरठचा सोतीगंज बाजार २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी बंद केला. बिल नसलेले स्वस्त इंजिन तुम्हाला पोलीस चौकीत नेऊ शकते.

दिल्ली परिसरात राहत असाल तर जुन्या डिझेल गाड्यांचा सध्याचा नियम आधी तपासा. इंजिन दुसरे बसवले तरी गाडीचे वय नोंदणीच्या तारखेपासूनच मोजले जाते.

गॅरेजला हे विचारा

गाडी सोडण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्या: ईसीयू आणि पंप माझाच राहणार का? स्कॅनर आणि कोडिंगचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का? इंजिनाची वॉरंटी किती दिवसांची? गाडी सुरू झाली नाही तर जबाबदारी कोणाची?

आणि पावसाळ्यात पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टो करून गॅरेजला न्या. तेवढ्याने इंजिन वाचले, तर बाकी सगळा खटाटोपही वाचेल.