माया सोडलेली गिटार

भाच्याने पहिल्या पगारातून गिटार घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात कॉटखाली सारली. कारण एफ कॉर्ड. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी दाबायची आणि सहाही तारा वाजवायच्या. पोराच्या बोटावर वळ उठले, तारा काही बोलेनात. घरच्यांचा निकाल ठरलेला: याला चिकाटी नाही.

दुरुस्तीवाल्या काकांनी गिटार मांडीवर घेतली, एक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली आणि पहिल्या फ्रेटकडे बघायला सांगितलं. तिथे कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. पोस्टकार्ड सहज जात होतं. दोष नटचा, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचा पाडलेल्या पट्टीचा. कारखान्यात या खाचा बऱ्याचदा उथळच ठेवतात. उथळ खाच खोल करता येते, खोल गेलेली भरणं जिकिरीचं. नवी गिटार माया सोडून शिवलेल्या कपड्यासारखी असते. अंगाबरोबर बसवायची बाकी.

पण काकांनी आधी नेक धरली. सहा पोलादी तारा मिळून तिला सुमारे 70 किलोच्या जोराने ओढतात. ती वाकू नये म्हणून आत सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना 1923 मध्ये अशा सळईचं पेटंट मिळालं. नेक अगदी सरळसोटही नको, थरथरणाऱ्या तारेला मधे जागा लागते. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबली की मधे साधारण पाव मिलिमीटर फट राहावी. सळईची किल्ली एका वेळी पाव फेरा, मग चहा. चहा होईस्तोवर लाकूड बसतं.

बाराव्या फ्रेटवर जाड तार 3 मिलिमीटर वर होती, ती अडीचवर आणायची. त्यासाठी ब्रिजमधलं सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, पूर्ण एक मिलिमीटर घासलं, कारण बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो. घासायचं पॉलिश पेपरवर आणि खालून; वरच्या कडेला घडवलेला आकार असतो.

याहून खाली गेलं की तार फ्रेटला लागून करकरते. मला मिरज आठवलं. तिथले कारागीर तंबोऱ्याची घोडी कानशीने तासतात, तारेखाली सुताचा धागा सरकवत राहतात आणि हीच करकर कमावतात. तिला जवारी म्हणतात. इथे जिला हाकलायची, तिला तिथे आवतण. ‘काका, थोडी जवारी राहू द्या,’ मी म्हणालो. ते हसले नाहीत.

सगळ्यात शेवटी नटच्या खाचा, बारीक कानशीने, दोन-तीन हात मारून पुन्हा तार चढवून बघत. मग तंबी: पावसाळ्यात लाकूड फुगतं, गिटारचं पोट वर येतं, तारा उचलल्या जातात. तेव्हा घेऊन या. किल्ली घरी कुणी फिरवायची नाही.

भाच्याने तिथेच एफ धरला. पाच तारा वाजल्या, दुसरी मुकी.

‘ती तुझ्याकडे,’ काका म्हणाले आणि पुढची गिटार मांडीवर घेतली.